चाकापाशी चार वेळा आलेली बाई

मी, कासिल्दा मोंतेरो, वय ६६, विधवा, काम मठाच्या बाहेरची कामं पाहणं, राहणार मठाच्या दाराशेजारची खोली, तोलेदो, आज रोजी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ठाण्यात स्वतःहून आले असून खालीलप्रमाणे सांगते. दुपारी मीच दिलेल्या तक्रारीबद्दल हे आहे. मला कोणी बोलावलेलं नाही.

आमच्या मठातल्या सिस्टर बाहेर येत नाहीत आणि कोणाला दिसत नाहीत. बाजार, टपाल, औषधं हे सगळं मी बघते. एकतीस वर्षं झाली. मठात बदामाची मिठाई बनते, ती चाकावर विकली जाते. चाक म्हणजे भिंतीत बसवलेला लाकडी फिरता कप्पा. घंटा वाजवायची, आतून सिस्टर म्हणतात, "नमो मारिया, परमपावने." बाहेरच्याने म्हणायचं, "पापाविना गर्भी आलेली." मग भावाच्या पाटीप्रमाणे पैसे कप्प्यात ठेवायचे, कप्पा फिरतो, मिठाई बाहेर येते. आतला बाहेरच्याला दिसत नाही, बाहेरचा आतल्याला दिसत नाही. साहेबांना हे माहीत आहे, पण लिहून घ्यावं.

गेल्या मंगळवारी आमच्या प्रार्थनाघरातून चांदीच्या दोन मेणबत्तीदाण्या गेल्या. तेव्हापासून मी दारावर डोळ्यात तेल घालून बसले आहे.

आज सकाळी सव्वादहाच्या सुमारास एक बाई आली. वय साठीच्या आत, करडा कोट, पायात चालायचे बूट, हातात स्टेशनवर फुकट मिळतो तो नकाशा. माद्रिदच्या गाडीने एकटीच आली असणार, कारण त्या गाडीची माणसं चढ चढून बरोबर त्याच वेळेला धापा टाकत वर येतात. बाईने घंटा वाजवली. आतून सिस्टर अम्पारो म्हणाल्या, "नमो मारिया, परमपावने." बाई गप्प. सिस्टरांनी पुन्हा म्हटलं. बाई गप्पच. पैसे ठेवले, डबा घेतला, गेली. परदेशी असती तर मी समजू शकले असते. पण तिने आधी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला होता, तोही आपल्याकडच्या बायका शेवटी अंगठ्याचं चुंबन घेतात तसा. म्हणजे बाई आपलीच. या देशातली या वयाची बाई आणि तिला उत्तर येत नाही? माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

अकरा चाळीसला ती पुन्हा आली. तसंच. घंटा, गप्प, पैसे, डबा. मी शाल घेतली आणि मागे निघाले.

बाई कॅथेड्रलपर्यंत गेली, तिकिटाच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर यायच्या आधीच बाहेर पडली. नंतर पुलावर गेली. सगळे लोक नदीकडे बघतात, ही पाठ करून वर शहराकडे बघत होती. तिथून आमच्या मठाच्या मागच्या भिंतीसमोर येऊन बाकावर बसली, पिशवीतून पाव आणि अंड्याबटाट्याचं ऑम्लेट काढून खाल्लं. खाताना बोटाने खिडक्या मोजल्या. मी शेजारी जाऊन बसले.

मी विचारलं, "काय बाई, शहर बघायला आलात?"

"हो."

"मग बघितलं काय?"

"बघते आहे."

"नकाशावर एवढी देवळं, राजवाडे, आणि तुम्ही फुली मारलीय ती एकाच ठिकाणी. आमच्या मठावर."

तिने नकाशा घडी करून खिशात घातला. म्हणाली, "मिठाई चांगली असते म्हणून ऐकलं."

"दोन डबे घेतलेत, एकाचाही दोरा सोडलेला नाही. चांगली कशी ते कळणार कसं?"

यावर बाई उठून गेली. ताकास तूर लागू देईना. माझी खात्रीच पटली.

दोन वाजून पाच मिनिटांनी तिसरा डबा. साडेतीनला ती चौथ्यांदा आली तेव्हा मी दाराआड उभी होते. या वेळी डबा घेतल्यावर बाई गेली नाही. तिने चाकाच्या लाकडावर हात सपाट ठेवला, मग कान टेकवला. मला वाटलं, आतली कडी चाचपते आहे. मी जाऊन तिचं मनगट धरलं आणि ओरडले. आतून सिस्टर अम्पारोंनी विचारलं, "कासिल्दा, काय झालं?" मी म्हणाले, "चोर धरलाय, सिस्टर, तुम्ही आत जा." बाईने ना हात सोडवला, ना आपण चोर नाही असं म्हटलं. दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं, एवढंच. तेही मला संशयाचंच वाटलं, ते मी कबूल करते.

हवालदार रुएदा आले, आम्ही ठाण्यात आलो. मी तक्रार दिली. रुएदांनी तिला नाव विचारलं. तिने आधी विचारलं, "इथलं बोलणं मठात जातं का?"

रुएदा म्हणाले, "तक्रार मठाची आहे, तेव्हा मठाला कळवावं लागेल."

"मग चोर म्हणून लिहा," ती म्हणाली. "पण नाव कळवू नका."

मी म्हणाले, "हे बघा, कबूल झाली." रुएदांनी मला गप्प बसायला सांगितलं. त्यांनी तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि वाचलं. फेलिसा बार्बेरो, शाळेच्या स्वयंपाकघरात काम, सोरियाकडचं गाव. बार्बेरो हे आडनाव मी महिन्यातून दोनदा दवाखान्याच्या कागदावर बघते. सिस्टर अम्पारोंचं दाताचं औषध मीच आणते.

मग हळूहळू बाई बोलली. चार वर्षांपूर्वी एकुलती एक मुलगी मठात निघाली तेव्हा हिने दारात उभं राहून सांगितलं होतं, आत गेलीस तर मला पुन्हा तुझा आवाज ऐकवू नकोस. मुलगी आईच्याच वळणाची. तिने ते पाळलं. पत्र नाही, सणाला फोन नाही. आज ही बहिणीला शहर बघायला जाते सांगून निघाली. चाकावर कोण असेल हे तिला ठाऊक नव्हतं. पहिल्या घंटेलाच पोरीचा आवाज आला. उत्तर दिलं असतं तर पोरीने ओळखलं असतं आणि उठून गेली असती, असं तिला वाटलं. म्हणून उत्तर न देता चार वेळा घंटा वाजवली.

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. पोटच्या पोरीला ऐकू जाईल असं मी तिच्या आईला चोर म्हटलं होतं. माझी मला लाज वाटली. त्या बाईचा रागही आला, एवढी आडमुठी आई मी पाहिली नाही. मेणबत्तीदाण्या मंगळवारी गेल्या आणि तिचं तिकीट आज सकाळचं आहे, हे रुएदांनीच दाखवलं. तिची सव्वापाचची गाडी चुकली होती. मी म्हणाले, "उठा."

"नको," ती म्हणाली. "तिला नको असेल तर?"

"नको असेल तर तसं ऐकून घरी जा. चोर होऊन जाऊ नका."

मी तिला दंडाला धरून मठाशी आणलं. रुएदा रस्त्यावर थांबले. पाच चाळीसला घंटा मी वाजवली. आतून आलं, "नमो मारिया, परमपावने." रोज उत्तर मी देते. आज मी तोंडात मिठाची गुळणी धरली. सिस्टरांनी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. तेव्हा बाई म्हणाली, "पापाविना गर्भी आलेली."

आत खुर्ची सरकली. मला वाटलं, गेल्या उठून. मग आतून आलं, "चारही डबे तूच घेतलेस?"

"हो."

"तुला बदाम सोसत नाहीत, आई."

"माहीत आहे," बाई म्हणाली.

सिस्टरांना चाकावर मिठाईच्या भावाखेरीज बोलायची परवानगी नाही. कोणी भेटायला आलं तर आधी मठाच्या प्रमुख मदरना सांगावं लागतं. म्हणून पुढचं साहेबांनी नीट लिहून घ्यावं. त्यानंतर मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. चाक फिरलं की नाही, ते मी पाहिलेलं नाही. त्यात मिठाई होती की कोणाचा हात, ते मी पाहिलेलं नाही. मी काही ऐकलंही नाही. पाऊण तास ऐकलं नाही. मदर विचारतील, शेजारची कामीला विचारेल, त्यांनाही मी हेच सांगेन. एकतीस वर्षांत त्या दारातलं माझ्या नजरेतून काही सुटलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आज सुटलं.

फेलिसा बार्बेरो हिच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. दुपारची तक्रार मी मागे घेते. मेणबत्तीदाण्यांचा तपास चालू ठेवावा.

हवालदार रुएदांनी हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तेवढंच यात आहे. जे मी पाहिलं नाही, ते यात लिहिलेलं नाही, याची खात्री करून मी सही करते.

सही
कासिल्दा मोंतेरो