सरचिटणिसांची सही

सन्माननीय अध्यक्ष, ज्यांना आपण सगळे दादा म्हणतो; व्यासपीठावरचे शिक्षणाधिकारी साहेब आणि खजिनदार सर; माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो; आणि डॉक्टरांनी नको म्हटलं तरी पहिल्या रांगेत येऊन बसलेले आमचे हे,

माझ्या निरोपाला सगळे छान बोललात. रणरागिणी म्हणालात, संघटनेची आई म्हणालात. मी ऐकत होते. खरं सांगू? काहीच वाटलं नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात ना, मग आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं आठवडाभर चाललंय. अशा वेळी कंठ दाटून आला म्हणायची पद्धत आहे. पण मी गणिताची बाई. उत्तर आलं नसेल तर मी लिहीत नाही.

दादा, मला संघटनेत कसं आणलंत ते तुम्ही सांगितलं नाहीत. मीच सांगते. सभा संध्याकाळी असायची, म्हणून बायका घरी स्वयंपाकाला पळायच्या. मी एकटी थांबायची, कारण आमच्या ह्यांना कुकर लावता येतो. तुम्ही म्हणालात, "बाई, तुमचं अक्षर चांगलंय, इतिवृत्त तुम्ही लिहा." लिहिलं. चहा सांगणंही हळूच माझ्याकडे आलं. मग मी सभा शनिवारी दुपारी घ्यायला लावली, मागे सतरंजी टाकून पोरांना खेळायला बसवलं, आणि बायकांनी हॉल भरला. त्याच बायकांनी मला सरचिटणीस केलं. तेव्हा तुम्ही काळजीने विचारलंत, "झेपेल ना?" झेपलं बहुतेक.

आता खारूताईबद्दल. ती काय, मागच्या दाराशी उभी आहे. कंत्राटी शिक्षिका. तुरुतुरु चालते म्हणून पोरांनीच ठेवलेलं नाव. बाळंत झाली आणि आठवड्याच्या आत वर्गावर हजर. कंत्राटी बाईला बाळंतपणाची रजा नाही, घरी राहिली की नोकरी गेली. तिची आई बाळाला घेऊन शिक्षक-खोलीत बसायची. एकदा तिकडे बाळ रडलं आणि इकडे तिचे कपडे दुधाने भिजले. तास संपेपर्यंत ती फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिली. सातवीची पोरं हो समोर! कशी वळणार?

त्या रजेसाठी आपण संप केला. मागण्यांमध्ये पहिली तीच होती. मग ह्यांचं ऑपरेशन निघालं, मी दवाखान्यात, आणि दादा, तुम्ही वाटाघाटींना बसलात. खजिनदार सरांचा फोन आला, "बाई, पगारवाढ मिळाली! रजेचं कलम तेवढं सोडावं लागलं." तेवढं! राग यायला हवा होता. मी वाट बघितली, आला नाही. सलाइन बदलायला नर्सला हाक मारली आणि बसून राहिले.

मघाशी चहाच्या वेळी दादांनी फाइल पुढे केली. करारावर अध्यक्ष आणि सरचिटणीस, दोघांच्या सह्या लागतात. "समारंभ उरकला की सही करून टाका, बाई, म्हणजे तुम्ही मोकळ्या." दादा, हॉल आज रिकामा होता म्हणून निरोप आज दिलात. मी निवृत्त महिनाअखेरीला होणार आहे. तोवर सरचिटणीस मीच.

मी सही करणार नाही. कलम परत घाला, लगेच करते. नाहीतर माझ्यानंतर येणाऱ्याकडून घ्या. मात्र त्याला निवडणार हाच हॉल, आणि इथे बायका जास्त आहेत.

टाळ्या नकोत. बोलून टाकल्यावर काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. अजून तरी नाही. खारूताई, उभी काय राहिलीस? वर ये, माझी खुर्ची रिकामीच आहे.

पुष्पगुच्छ, भिंतीवरचं घड्याळ आणि इतके गोड शब्द दिलेत, सगळ्यांचे मनापासून आभार. कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. आणि दादा, मघाशी फाइलीबरोबर दिलेलं हे पेन तुमचं आहे. घ्या.