अक्काच्या नावाची जागा

मंडळी, आधी फोन बंद करा. हो, तात्या, तुमचासुद्धा! का ते शेवटी कळेल. आणि तोवर एक प्रश्न मनात धरून बसा – ज्याच्या हातांनी काम उभं राहिलं, त्याचंच नाव गाळलं, तर ते नाव जातं कुठं?

ऐका. तासगावाकडच्या एका गावात रंगनाथ शेटे नावाचा मसालेवाला. कांदा-लसूण मसाला असा, की बरणी उघडली की अख्खी आळी शिंकायची! पण हा मसाला बसवला कुणी? त्याच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि बावीस वर्षं मिरच्या भाजत राहिली. तराजू तिला ठाऊक नाही. माप म्हणजे तिची मूठ! उजव्या अंगठ्याला कायम ओली चिंधी, आग व्हायची ना. फोटो काढू म्हटलं की म्हणायची, "या हातांचा कसला फोटो?" तीन वर्षांमागं गेली. एक फोटो मागं नाही. तिच्या मुठीएवढी लाकडी वाटी रंगनाथनं करून घेतली होती, ती तेवढी राहिली.

आता रंगनाथला वेबसाइट हवी होती. करावी की! देव काय नको म्हणतो? गावातल्या केतकीनं ते काम घेतलं. भिंतीवर मोठा कागद लावला, पेन्सिलीनं चौकोन आखले. हे पहिलं पान, हे मसाल्यांचं, हे फोन नंबरचं. एक चौकोन 'आमच्याविषयी'.

"काका, मसाला कुणी सुरू केला ते इथं लिहायचं," केतकी म्हणाली. "वर फोटो, खाली नाव."

रंगनाथची बायको मालन दारात उभी होती. "अक्कांचं लिहिताय ना?"

"घरातलं लोकांना कशाला?" म्हणत त्यानं त्या चौकोनात लिहिलं – संस्थापक, रंगनाथ शेटे. कृती, स्वतःची! हसताय? हसा, हसा. आपण काय वेगळे आहोत?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी फोन वाजला. बाईचा आवाज.

"त्या बाई आहेत का?"

"कोणत्या बाई?"

"तुमच्या वेबसाइटवर फोटो आहे ना. करडं लुगडं, अंगठ्याला चिंधी."

रंगनाथनं तडक केतकीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, मी अजून काहीच केलेलं नाही. जे आहे ते तुमच्या भिंतीवर."

पुढच्या दुपारी फोनवर एक म्हातारे गृहस्थ. "चार मुठी मिरचीला अर्धी मूठ तीळ, असंच लिहिलंय ना तुमच्या पानावर?" मंडळी, हे माप घराबाहेर गेलंच नव्हतं! आणि चूल थंड असताना घरभर मिरची भाजल्याचा वास.

तिसऱ्या दुपारी पुन्हा तीच बाई. रंगनाथनं घाबरत विचारलं, "फोटोखाली नाव काय आहे?"

"नाव नाही. जागा रिकामी आहे. आणि बाई त्या जागेकडंच बघतायत."

भाऊ ताडकन उठला, स्वतःचं नाव खोडलं, पेन्सिल टेकवली – आणि अक्काचं पूर्ण नाव आठवेना. बावीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिला नुसती अक्का म्हटलं होतं. मालननं मागून हळूच सांगितलं, "चंपावती विठोबा काळगे." रडत रडत त्यानं ते लिहिलं.

फोन वाजला. तीच बाई.

"अहो, फोटो गेला की. आता नुसतं नाव आहे."

वासही गेला. त्यानंतर तो फोन कधी आला नाही.

तर मंडळी, नाव कुठं जात नाही. ते तिथंच उभं राहून वाट बघतं. तुमच्या दुकानाच्या पाटीवर, घराच्या दारावर, मुलाच्या सत्काराच्या भाषणात कुणाची जागा रिकामी आहे, ते ज्याचं त्याला माहीत. माझ्याही एका माणसाची होती. ही कथा मला शिवराम हार्मोनियमवाल्यांनी सांगितली. आजवर मी ती माझी म्हणून सांगत आलो. आज नाव घेतलं.

आता फोन चालू करा. आणि वाजला, तर उचला.