दिव्याकडे वळलेला चेहरा

हॅलो?… हो, नोरीनच. बोल पॉलेट… नाही गं, झोपले नव्हते. आत्ताच बाहेरून आले.

कुठला फोटो?… म्हणजे आश्रयघराच्या म्युरियलनं सांगितलं तर तुला. काल फॅशन शो संपल्यावर माझ्या खांद्यावरून वाकून कॅमेऱ्यात बघत होती, तेव्हाच वाटलं मला… हो, काढला होता. पण तो मिळणार नाही.

बरोबर ऐकलंस. नाही मिळणार.

हो, हो… अगं ऐक ना. तुझं पहिलं पान अडलंय, अंक दुपारी छापायला जातो, सगळं माहितीये मला. तुझ्या पेपरला मी काय आज फोटो देतेय? पण कालचा शो आश्रयघराच्या नव्या छताला पैसे जमवायला होता, आणि चालणाऱ्यांत निम्म्या बायका तिथेच राहणाऱ्या. जीव मुठीत धरून घरातून निघालेल्या. जुन्या ब्लँकेटांचे कोट शिवले आणि तेच घालून चालल्या. अट एकच. चेहरे ओळखू यायचे नाहीत.

…म्हणून तर अग्निशमन केंद्राच्या हॉलचे वरचे दिवे बंद ठेवले होते. बाजूला दोन पिवळे दिवे, बास… फ्लॅश मी नेलाच नव्हता. बॅगेत असता तर हात गेला असता.

कसे काढले म्हणजे काय, जमिनीवर बसून. भिंतीला पाठ, श्वास रोखलेला. लेन्स पूर्ण उघडली तरी शटर इतकं सावकाश, की चालतं माणूस नुसतं पुसून जायचं. मग तालमीत सांगितलं त्यांना, वळताना क्षणभर थांबा. तेवढ्यात टिपायचे मी. पाठी, खांदे, कोटाचा घेर… दाणेदार आलेत, हो. त्या उजेडात येणारच.

आणि ही एक थांबली ती थांबलीच. मान वर केली, दिव्याकडे वळली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. माझं बोट आपोआप दाबलं गेलं… सुंदर होता, पॉलेट. इतकी वर्षं लग्नं काढली, बोटी काढल्या, तसा एक नाही निघाला.

…नाव विचारू नकोस.

काय?… हो, 'छापा' म्हणाली होती ती. माझ्यासमोर म्हणाली. लोक उभं राहून टाळ्या वाजवतायत, हातात चाऊडर सूपचा वाडगा, गाल लाल झालेत. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतं… नाही, मी तिच्या वतीनं ठरवत नाहीये. पुरतं ऐकून तर घे. सकाळी फोटो कागदावर काढून गेले मी तिच्याकडे… बर्फातूनच. निघाली गाडी, ते सोड.

स्वयंपाकघरात बसलो दोघी. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "मी अशी दिसते?" म्हटलं, अशीच दिसतेस. मग म्हणाली, "हा पेपर कुठवर जातो?"… काय सांगणार? खरं तेच सांगितलं. कागद पुढच्या बंदरापर्यंत जातो, पण इंटरनेटवर चढला की कुठेही जाईल. नवरा आहे तिथेही.

हात मांडीखाली दाबून बसली. मग म्हणाली, "नको."



नाही, डोळ्यांवर काळी पट्टी वगैरे अजिबात नाही. ती काय गुन्हेगार आहे?… छताचं कळतं गं मला. चेहरा दिसला की लोक मदत करतात, असतील करत. पण छत तिच्या डोक्यावर घालायचं आणि तिलाच तिथून पळायला लावायचं, हे मला नाही जमणार. म्युरियलला सांग तसं.

तुझं पान रिकामं नाही ठेवत मी. बाकीचे फोटो पसरले होते टेबलावर, त्यातला एक तिनंच उचलला. पडद्यामागचा. तिचे हात, कोटाचं वरचं बटण लावताना… अर्धा काळाच आहे. म्हणाली, "हा द्या. टाके नीट दिसतायत."

…दिसतात ना. एकूण एक.

उजळ करायचा नाही हं. काळं आहे ते काळंच छाप… खाली लिही, 'कोट तिने स्वतः शिवला.' नाव नाही, गाव नाही.

…पहिल्या पानावर? वरच्या अर्ध्यात?… बरं. आता कसं शहाण्यासारखं बोललीस.

काय?… नाही, जपून ठेवायलाही नाही. लॅपटॉप, कॅमेरा सगळं नेलं होतं बरोबर. तिच्यासमोर पुसला… हो, सगळीकडून. छापलेला तेवढा तिच्याकडे आहे. कपाटाच्या दाराला आतून चिकटवला तिनं.

…वाटलं ना वाईट. येताना धक्क्यापाशी गाडी लावून बसले होते जरा वेळ.

…नाही, परत विचारलंस तरी तेच करीन.

चल, ठेव आता. हातांचा पाठवते.