डिस्कची पत्रिका

नवस मीच बोलली होती, गुरुजी — हो, त्या मशीनसाठीच — अंबादेवीची ओटी भरून म्हटलं, हे चालू होऊ दे, मी वर्षभर खोटं बोलणार नाई. हसू नका जी. आमच्या ह्यायचं पत्रिकेचं सारं गणित त्याच्यावर, तीस वर्षांचं — चांदूर बाजारपासून तुमच्या अकोल्यापर्यंत किती लग्नं जुळली त्याच्यातून. जुनं युनिक्सचं मशीन, कालेजच्या लिलावातलं. त्याची हार्ड डिस्क मेली. गणित टेपवर होतं, पण उतरवाचं कुठं? तसली डिस्क आता मिळत नाई, आन् नवी जोडली तर मशीन म्हणे, हिले मी ओळखत नाई. जुन्या शहरातले रऊफभाई येऊन पाहून गेले — डिस्कमदी खोट नाई म्हणे, मशीनच्या यादीत तिचं नाव नाई, बस. हे दोन दिवस जेवले नाईत.

मंग आमची वर्षाली बसली — तीच, जिची पत्रिका तुमच्या हातात आहे. मशीन डिस्कले विचारते म्हणे, चकत्या किती, चकतीवर रेघा किती. नव्या डिस्कले असं सांगताच येत नाई. पोरीनं काय केलं? आकडे मनानंच बसवले — गुणाकार डिस्कच्या मापाबाहेर जाऊ द्याचा नाई, एवढंच पथ्य — आन् यादीत नाव लिहून टाकलं. मशीननं मुकाट्यानं घेतलं. मी म्हटलं, बाई, हे खोटं झालं. म्हणे, "आई, डिस्क चांगली आहे. मशीनले फक्त उत्तर पाह्यजे होतं." वर्ष झालं, एक अक्षर हरवलं नाई. ह्यायले आकड्यांचं मी सांगतलं नाई — त्यायनं विचारलंच नाई, मंग खोटं कसं?

आन् तेच मशीन आता म्हणते, वर्षाली आन् तुमच्या पोराचे, शिवमचे, चौदाच गुण जुळतात. स्वतः डिस्कच्या बनावट पत्रिकेवर चालून राह्यलं, ते माह्या पोरीले अडवते. दोघं चार वर्षांपासून एकमेकांले ओळखतात, पण हे म्हणतात, मशीन खोटं बोलत नाई. अठराच्या खाली लग्न नाई.

वर्षालीची जन्मवेळ पाऊण तास पुढं घेतली का नक्षत्र बदलते, पंचवीस गुण होतात. मले कसं माहीत? माह्या बाबांनी माह्या वेळी हेच तर — जाऊ द्या, काहून सांगून राह्यली मी. अठ्ठावीस वर्षं सुखात गेली, ह्यायले अजून ठाऊक नाई.

नवस परवाच फिटला, गुरुजी. पण खोट्यासाठी जीभच वळत नाई, वर्षभरात सवय मोडली. तुमी तर काई नवस बोलले नाई ना? फाटक वाजलं, हे आले वाटते. हा घ्या पेन. वर्षालीनं केलं तसंच करा जी — पत्रिकेत पाऊण तास पुढची वेळ लिहून टाका.