बैठकीचा हिरवा रंग

घानातल्या कुमासीच्या स्टँडवर बसच्या रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर जोडपं उभं होतं.

"अहो, पोरीला मागणी घालायला माणसं येणार. बैठकीची खोली सजवायला एखादी डिझायनर बोलावूया."

"कशाला, सेरवा? मी आहे ना! मागच्या वेळी रंग कोणी दिला?"

"तुम्हीच. पास्टर आत आले आणि डॉक्टर कुठे बसतात म्हणून विचारत होते."

"हिरवा रंग डोळ्यांना चांगला असतो."

"दवाखान्यात."

"बरं बाई, बोलाव. तिचं काम तरी आवडेल तुला."

"आणि नाही आवडलं तर?"

"तिला सांग."

"परक्या बाईशी कशी भांडू? तुमच्याशी हक्कानं भांडता येतं."

"मग बोलवायची की नाही?"

"राहू दे. पण या वेळी डबा उघडण्याआधी रंग मला दाखवा."