डोलकाठी तोडली तेव्हा

(फेब्रुवारी. आइसलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं एक घर. दोन दिवस बेपत्ता असलेल्या मासेमारी बोटीचा तांडेल स्टेन्थोर आज सकाळी परतला आहे. समोर त्याची आई, उन्नूर.)

उन्नूर: ते हातमोजे काढ आधी. बोटं बघू दे.

स्टेन्थोर: बोटं आहेत जागेवर. आई, पाद्रीबाबांनी धक्क्यावरच सांगितलं, बाबा गेले म्हणून. काल दुपारी, म्हणाले.

उन्नूर: काल दुपारी. हृदयच थांबलं. सूप पी, निवतंय.

स्टेन्थोर: तू मला काहीच विचारत नाहीस?

उन्नूर: काय विचारू? परवा सकाळी रेडिओवर तुझा आवाज आला, बोटीवर बर्फ धरतोय, सगळे मिळून फोडतोय म्हणून. मग काही नाही. आम्ही दोघं त्या खोक्यासमोर बसून. शेजारपाजारचे आले, कॉफी करून गेले. संध्याकाळपासून माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले. कळतं मग माणसाला.

स्टेन्थोर: रेडिओ मीच बंद पाडला.

उन्नूर: म्हणजे?

स्टेन्थोर: उत्तरेचं वारं सुटलं होतं. लाट नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकावर फुटायची, पाणी उडायचं आणि जिथं पडेल तिथं गोठायचं. बोटाएवढ्या तारा मांडीएवढ्या झाल्या. सहाही जण कुऱ्हाडी नि सोटे घेऊन भिडलो. एक बाजू मोकळी करावी, तोवर दुसरी भरलेली. मग बोट डुलेनाशी झाली. एका अंगावर कलली की तशीच पडून राहायची, उठावं की नाही असं वाटल्यासारखी. सगळं वजन वर, डोलकाठीवर.

उन्नूर: म्हणून तोडलीस.

स्टेन्थोर: तोडली. रेडिओची तार तिच्यावरच होती. इंजिन सांभाळणारा न्याल खालून वर आला, म्हणाला, आधी एक निरोप दे गावाला, काठी तोडतोय म्हणून. एका मिनिटाचं काम. मी त्याच्या हातात कुऱ्हाड दिली.

उन्नूर: एक मिनिटसुद्धा नव्हतं?

स्टेन्थोर: तेव्हा वाटलं, नाही. काठी पाण्यात गेली, बोट सरळ झाली. आणि मी सुकाणू धरून उभा, डोक्यात एकच, की होतं. एक मिनिट होतं. बाबा त्या मिनिटापायी गेले.

उन्नूर: त्यापायी नाही गेले.

स्टेन्थोर: माझी समजूत काढू नकोस.

उन्नूर: तेवढा जोर नाही आज माझ्यात. ऐक नुसतं. रेडिओ थांबला तसं ते म्हणाले, पोरानं काठी तोडली असणार. मी असतो तर मीही तोडली असती. रात्रीपर्यंत वीसदा म्हणाले. काल जेवताना पुन्हा तेच काढलं आणि मला ऐकवेना. मी म्हटलं, थोरलाकुर, पोर गेलं आपलं. मला रडू दे आता.

स्टेन्थोर: मग?

उन्नूर: चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, जसं काही मीच तुला पाण्यात ढकललंय. चाळीस वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं. उठले, कोट घातला, फावडं घेतलं. फावड्याला हात लावायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. मला ठाऊक होतं. मी उठले नाही.

स्टेन्थोर: आई...

उन्नूर: मी खिडकीकडे पाठ करून बसले. रागानं. बाहेर खरवडल्याचा आवाज येत होता, मग यायचा थांबला. तरी मी लगेच नाही गेले.

स्टेन्थोर: तुला काय माहीत होतं, मी येईन म्हणून.

उन्नूर: त्यांना होतं ना.

स्टेन्थोर: जाताना काही बोलले?

उन्नूर: दारात थांबले होते. म्हणाले, पायऱ्यांवर बर्फ धरलाय. पोरगं दमून येईल, पाय घसरायचा त्याचा.