पांढऱ्या दगडाचे लाड

सून : ओट्यावर वर्तमानपत्र कशाला अंथरलंय, आई?

सासूबाई : भाजी निवडायची होती.

सून : मग भाजी कुठाय?

सासूबाई : निवडेन गं. आत्ता तर आलीस बाहेरून, घोटभर पाणी तरी पी.

सून : दारातच वास आला मला. डोळे चुरचुरतायत. बाथरूमची ती बाटली इथे आणलीत का?

सासूबाई : पोरीला आतल्या खोलीत निजवलं, दार लावलं, इथली खिडकी उघडली आणि मगच झाकण काढलं. तिच्यापर्यंत वास जाऊ दिलेला नाही मी. जाऊन बघ हवं तर.

सून : बघून आले. तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघून आले. पण याच ओट्यावर मी तिच्या दुधाच्या बाटल्या वाळत घालते. इथे ॲसिड ओतलंत तुम्ही?

सासूबाई : ओतलं कुठे, झाकणभर घेतलं. सकाळी बीट भरवत होते ना तिला, तिने वाटीच उडवली. लगेच पुसलं मी, तरी गुलाबी राहिलंच. साबणाने घासलं, जाईना. तो घरी यायच्या आत निघायला हवं होतं.

सून : म्हणून ॲसिड?

सासूबाई : बाथरूमच्या फरशीवरचं निघतं की त्याने. इथे टाकलं तर फसफसायलाच लागलं, दूध उतू जावं तसं. घाबरले आणि पटापट पुसून काढलं.

सून : कशाने पुसलंत? आणि हात मागे का घेताय?

सासूबाई : फडक्याने.

सून : आई.

सासूबाई : हातमोजे सापडेनात गं. एवढं काही नाही, साल गेलंय जरासं.

सून : जरासं? दोन्ही तळवे सोलवटलेत. चला इकडे, नळाखाली धरा. चोळू नका, नुसते धरून ठेवा. मला फोन का नाही केलात?

सासूबाई : तू चिडली असतीस. तो तर चिडलाच असता. एका डागापायी दोघांची बोलणी कोण खाणार.

सून : आला बघा तो. तुम्ही हात काढू नका पाण्यातून.

नवरा : कसला वास सुटलाय घरभर? आणि हा पेपर... अरे, हे काय झालंय? सगळं पॉलिश गेलं. केवढा चट्टा पडलाय. कोणी केलं हे?

सासूबाई : मी.

नवरा : आई, कितीदा सांगितलं तुला, हा संगमरवर आहे. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, ॲसिड तर नाहीच नाही. आपल्या जुन्या घरातली काळी फरशी नाही ही, कशानेही खरवडायला.

सून : आधी त्यांचे हात बघ.

नवरा : बघतो गं, पण हे...

सून : पण नाही. आत आलास आणि आधी वाकून दगड बघितलास. बोट फिरवून बघितलास. त्या नळाखाली हात धरून उभ्या आहेत, तर त्यांना विचारलंस, कोणी केलं.

नवरा : आई, भाजलं का गं?

सासूबाई : नाही रे, झोंबतंय नुसतं. तुझा ओटा मात्र गेला.

नवरा : असू दे. पॉलिशवाल्याला बोलावतो, घासून चकाकी परत आणतात ते. या वेळी सीलरही लावून घेऊ, म्हणजे डाग तरी लगेच आत उतरणार नाहीत.

सून : या वेळी म्हणजे?

नवरा : बसवला तेव्हा राहून गेलं ते. लावल्यावर दिवसभर ओटा वापरायचा नव्हता, आणि माझ्या ऑफिसची मंडळी जेवायला यायची होती.

सून : थांब जरा.

(सून ओट्याच्या चांगल्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकते. तिघंही बघत राहतात.)

सून : थेंब पिऊन टाकला बघ. दगड काळसर झाला तिथे. साधं पाणी मुरतंय यात, आणि घर लावल्यापासून आम्ही दोघी खांद्यावर फडकं टाकून फिरतोय. चहा सांडला तर जणू आमच्या हातालाच वळण नाही.

नवरा : अगं, बिटाचा डागही निघाला असता. खाण्याचा सोडा पाण्यात कालवायचा, जाड लेप द्यायचा आणि वर प्लॅस्टिक लावून रात्रभर ठेवायचं. लेप डाग ओढून घेतो.

सून : हे तुला माहीत होतं?

नवरा : दगड घेतानाच वाचलं होतं.

सून : मग बोललास कधी? काय करायचं नाही, ते जेवताना सांगितलंस, पाहुण्यांसमोर सांगितलंस. डाग पडलाच तर काय करायचं, हे एकदाही नाही. सांगशील कशाला, पुसायला तू असतोस कुठे. काळा ग्रॅनाइट घेऊ म्हणून आम्ही दोघी घसा कोरडा करत होतो, तर तुला स्वयंपाकघर उजळ दिसायला हवं होतं. दिसतंय ना आता? साठी उलटलेली बाई स्वतःच्या घरात चोरासारखी डाग लपवतेय.

सासूबाई : पुरे गं, पोर उठेल.

सून : सोमवारपासून मी कामावर जाणार, पोर यांच्यावर सोडून. तिने पुन्हा काही सांडलं, त्यात घसरली, तर आई आधी तिला उचलतील की फडकं? तेवढं सांग मला.

सासूबाई : पोरीलाच उचलेन. काय बोलतेस हे.

सून : तुम्हाला नाही विचारलं, आई. याला विचारतेय.

नवरा : ...डॉक्टरांना फोन करतो. लगेच बघतील का विचारतो.

सून : कर.

नवरा : आणि पॉलिशवाला राहू दे. आई, हात धुऊन झाले की बस तू. फोन झाला की चहा मी टाकतो.

सासूबाई : तू टाकतोस? टाक बाबा. पण माझा कप तिथे ओट्यावर ठेवू नकोस हं, गोल उमटतो त्याच्यावर. माझ्या हातातच दे.

सून : कोणत्या हातात, आई?